कॅमेरा एकाच्या हाती, नजर दुसऱ्याची

तलावात, नदीत किंवा समुद्रात एकट्याने पोहणाऱ्यावर लक्ष कसं ठेवायचं आणि त्याचे फोटो कसे काढायचे, याबद्दल आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांमध्ये ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात पडलेली दिसतात, आणि निम्म्या अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दर रविवारी तलावात दीड किलोमीटर पोहतो. मी काठावर थांबते, लक्ष ठेवते आणि ४०० मि.मी.च्या लेन्सने फोटोही काढते. एकटीने दोन्ही केलं तर चालेल ना?

उत्तर : नाही. हे उत्तर कडक वाटेल, पण त्याला कारणं आहेत. फुल-फ्रेम (३६ मि.मी. रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ४०० मि.मी. लेन्समधून आडवा जेमतेम ५ अंशांचा पट्टा दिसतो. उघड्या डोळ्यांना कडेकडेचं धरून १८० अंशांच्या आसपास दिसतं. भावाच्या दिशेने येणारी मोटरबोट, वाऱ्याने पाण्याचा बदललेला रंग, त्याची चुकलेली दिशा, हे सगळं त्या ५ अंशांच्या बाहेर घडतं. शिवाय टेलिलेन्स अंतर दाबून टाकते. त्यामुळे १५० मीटरवरचा माणूस हाकेच्या टप्प्यात असल्यासारखा वाटतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे दहा-बारा फोटो काढले की मान खाली घालून स्क्रीन तपासणं. त्यात पंधरा-वीस सेकंद सहज जातात. बुडणाऱ्या माणसाची पृष्ठभागावरची धडपड अनेकदा २० ते ६० सेकंदांत संपते.

उन्हाचाही वाद आहेच. फोटोसाठी सूर्य समोर किंवा बाजूला हवा, म्हणजे उडालेले थेंब चमकतात. लक्ष ठेवणाऱ्याला सूर्य पाठीशी लागतो, कारण समोरच्या उन्हाच्या चकाकीत डोकं विरघळून जातं. म्हणजे दोन कामांना माणसं दोन लागतात, आणि बऱ्याचदा उभं राहण्याच्या जागाही दोन.

दुसरं कुणी मिळतच नसेल, तर भावाला तलाव आडवा पार करू देऊ नका. काठाला समांतर, ३०-४० मीटरवरून फेऱ्या मारायला सांगा. ताशी ३ किलोमीटरच्या चालीने दीड किलोमीटरला अर्धा तास लागतो, तेवढा वेळ काठाकाठाने त्याच्यासोबत चालता येतं. फोटो फक्त तो अगदी समोर आला की काढायचे, १०० मि.मी.पर्यंतच्या लेन्सने, दुसरा डोळा उघडा ठेवून. स्क्रीन घरी जाऊन बघा.

प्रश्न : दोन-अडीचशे मीटर गेल्यावर पोहणारा दिसेनासा होतो. पुन्हा सापडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. नजर कशी टिकवावी?

उत्तर : पाण्यावर दिसणारं डोकं फुटबॉलएवढंही नसतं. स्वच्छ हवेत आणि शांत पाण्यात चांगल्या नजरेला ते पाचशे मीटरवर ठिपक्यासारखं दिसू शकेल, पण पाणी इतकं शांत क्वचितच असतं. खरा अडथळा अंतरापेक्षा लाटांचा आहे. तुम्ही काठावर उभे असता तेव्हा डोळ्यांची पाण्यापासूनची उंची दीड-दोन मीटर असते, आणि गुडघाभर उंचीची लाटही तिच्यामागचा लांब पट्टा झाकून टाकते. डोळ्यांची उंची चौपट केली की हा झाकलेला पट्टा साधारण चौथ्या हिश्शावर येतो. म्हणून आधी उंच जागा शोधा : खडक, धक्का, बांध, पायऱ्यांचा वरचा टप्पा. दुर्बिणीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

मग टोपीचा रंग. चमकदार नारिंगी, गुलाबी किंवा पोपटी-पिवळा चांगला. पांढरी टोपी लाटांच्या फेसात हरवते, निळी-हिरवी पाण्यात आणि काळी लाटांच्या सावलीत. पहाटे किंवा संध्याकाळी उजेड कमी असेल तर लाल टोपी टाळा. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग काळपट दिसतो, पोपटी-पिवळा मात्र उठून दिसतो.

टोपीहून जास्त काम करतो तो कमरेला दोरीने बांधून मागे ओढायचा हवा भरलेला फ्लोट. साधारण २० ते २८ लिटरचा फ्लोट डोक्याच्या कितीतरी पट मोठा दिसतो आणि पाण्याखाली जात नाही. दोरी इतकीच लांब असावी की फ्लोट पायांच्या मागे येईल. फार लांब असेल तर ती पायात गुंतते, फार आखूड असेल तर फ्लोट मांड्यांवर आपटत राहतो. फ्लोट धरून दम खाता येतो, पण तो लाइफ जॅकेट नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड तो पाण्याबाहेर ठेवत नाही. हे पोहणाऱ्यालाही स्पष्ट सांगा.

नजरेसाठी खुणांची रेघ वापरा. पलीकडच्या काठावरचा खांब आणि त्यामागचं झाड एका रेषेत धरा, आणि पोहणारा त्या रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे हे मनात म्हणत राहा. नजर हटलीच तर पुन्हा कुठे बघायचं ते माहीत असतं. दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ची घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मि.मी. व्यासाचा). दहापटीच्या वर हाताचा कंप इतका वाढतो की डोकं सापडलं तरी धरून ठेवता येत नाही. ७×५०चा आणखी एक फायदा असा की ५० भागिले ७ म्हणजे सुमारे ७ मि.मी. व्यासाचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, आणि तो पहाटे उपयोगी पडतो. पोलराइझ्ड गॉगल लावल्यास चकाकी कमी होते. मात्र त्यातून फोनची किंवा कॅमेऱ्याची स्क्रीन एखाद्या कोनात काळी दिसली तर घाबरू नका.

अर्ध्या तासाने माणूस बदला. बदलताना “तो बघ, खांबाच्या डावीकडे, तिकडे तोंड करून चाललाय” असं सांगा आणि दुसऱ्याने “दिसला” म्हटल्याशिवाय नजर काढू नका.

एवढं करूनही हरवला तर आधी घड्याळ बघा. शेवटी दिसला त्या जागेकडे एकाने हात ताणून धरायचा आणि काही झालं तरी हात खाली करायचा नाही. पोहणारा मिनिटाला सुमारे ५० मीटर पुढे जातो, त्यामुळे शोध त्या जागेवर न थांबता त्याच्या दिशेने आणि प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकला पाहिजे. आधी फ्लोट शोधा, मग वर येणारे हात, शेवटी डोकं. लाटेआड गेलेला माणूस काही सेकंदांत पुन्हा वर दिसतो. शांत पाण्यात अर्धा मिनिट आणि लाटांत पूर्ण एक मिनिट दिसला नाही, तर आम्ही वाट बघू नका असंच म्हणू. शिट्टी, सोबतीची होडी, आपत्कालीन क्रमांक, तिन्ही एकदम.

प्रश्न : तो बराच वेळ एका जागी थांबतो. दम खातोय की अडचणीत आहे, हे लांबून कसं ओळखायचं?

उत्तर : सिनेमातला बुडणारा ओरडतो, हात हलवतो. प्रत्यक्षातला बहुधा गप्प असतो. तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असतं. वर आल्यावर मिळालेल्या क्षणात श्वास घ्यायचा की ओरडायचं, एवढीच निवड असते आणि शरीर श्वास निवडतं. हातही हलवता येत नाहीत, कारण ते नकळत बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. म्हणून बघायचं ते शरीराचा कोन. दम खाणारा पाठीवर आडवा होतो किंवा फ्लोट छातीशी धरतो, पाय सैल हलत असतात, तो इकडेतिकडे बघतो. अडचणीतला उभा असतो, पाय जवळजवळ हलत नाहीत, डोकं मागे कललेलं, तोंड उघडं, आणि न दिसणारी शिडी चढतोय तशी हातांची हालचाल. केस डोळ्यांवर आले तरी तो बाजूला सारत नाही.

याआधीच्या खुणा पकडता आल्या तर उत्तम. त्यासाठी मिनिटाला किती हात पडतात ते मोजा. पहिली दहा मिनिटं सोडून द्या. त्यानंतर गती स्थिरावते, फ्रीस्टाइलला ती बऱ्याच जणांची ५० ते ७० हातांच्या दरम्यान असते. हा त्याचा स्वतःचा आकडा वहीत लिहा आणि दर १५-२० मिनिटांनी पुन्हा मोजा. वारा किंवा प्रवाह बदललेला नसताना आठ-दहा हात कमी झाले तर जवळ जा. एक हात नीट बाहेर न येणं, कंबर खाली बसणं, रेघ सोडून वाकडं जाणं याही खुणाच. जवळ गेल्यावर “ठीक आहेस ना?” असं विचारू नका, त्याला “हो” हेच उत्तर येतं. विचार करून सांगावं लागेल असं काहीतरी विचारा : किती वाजता उतरलास, परत कुठल्या खुणेपाशी वळायचंय. शब्द जड झाले किंवा उत्तर विसंगत आलं तर पोहणं तिथेच संपलं, त्याची कितीही इच्छा असली तरी.

थंड पाण्यात क्रम ठरलेला असतो. पहिल्या मिनिटभरात, कधी तीन मिनिटांपर्यंत, श्वास अनावर होतो. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली हा धक्का चांगलाच जाणवतो. पुढच्या दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात हातापायांची ताकद जाते. शरीराचं आतलं तापमान धोकादायक पातळीला उतरायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे बरेच जण गारठून नव्हे, तर त्याआधी हात न चालल्यामुळे बुडतात. काठावर आल्यावरही काही वेळ तापमान उतरतच राहतं. तेव्हा ओले कपडे काढा, कोरडे थर चढवा, डोकं झाका, वारा अडवा. अंग चोळू नका आणि लगेच गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं करू नका. फार गारठलेल्याला पाण्यातून शक्य तितकं आडवं उचला. उभं ओढलं तर रक्तदाब एकदम पडू शकतो.

कोमट पाणी निर्धोक, असाही समज आहे. २०१० मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरा इथे १० किलोमीटरच्या विश्वचषक शर्यतीत अमेरिकेचे फ्रॅन क्रिपेन उष्ण पाण्यात शेवटच्या टप्प्यात बुडाले. ते पोहोचलेच नाहीत, हे इतर जण बाहेर आल्यावर लक्षात आलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी आता पाण्याच्या तापमानाची वरची मर्यादा ३१ अंश आहे. त्यांच्यासारखा कसलेला पोहणारा, आयोजित शर्यत, आसपास माणसं, आणि तरी त्या क्षणी त्यांच्यावर एकाचीही नजर नव्हती. “चांगला पोहणारा आहे, काळजी नको” या वाक्याला म्हणूनच काही अर्थ नाही.

मदत करताना स्वतः उडी मारू नका. काठी, वल्हं पुढे करा. १५-२० मीटरची दोरी भरलेली फेकायची पिशवी जवळ असावी, आणि ती आधी दोन-चार वेळा फेकून बघितलेली असावी.

प्रश्न : किनाऱ्यावरून फोटो घेण्यासाठी किती मि.मी.ची लेन्स पुरेल?

उत्तर : हिशोब सोपा आहे. फुल-फ्रेम सेन्सर ३६ मि.मी. रुंद असतो. ३६ला लेन्सच्या मि.मी.ने भागा आणि अंतराने गुणा. ४०० मि.मी.च्या लेन्सने २०० मीटरवर १८ मीटर रुंदीचं पाणी चौकटीत येतं. पोहणाऱ्याचं डोकं, खांदा आणि पुढे टाकलेला हात मिळून दीड मीटर धरा, म्हणजे रुंदीचा बारावा हिस्सा. २४ मेगापिक्सेलच्या, ६००० पिक्सेल रुंद फोटोत तो ५०० पिक्सेलचा होतो, आणि इंचाला ३०० पिक्सेलने छापलं तर जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर. बऱ्याच कॅमेऱ्यांतला लहान, एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ मि.मी. रुंद, त्यामुळे त्याच लेन्सने चौकट १२ मीटरवर येते.

पण विषय एकट्या पोहणाऱ्याचा असेल तर त्याने चौकट भरलीच पाहिजे असं कुठे आहे? २०० मि.मी.ची लेन्स, उंच जागा, भरपूर पाणी आणि त्यात एक नारिंगी ठिपका, हा फोटो चेहऱ्याच्या फोटोपेक्षा बरेचदा जास्त बोलतो. ठिपका तो ज्या बाजूला चाललाय त्याच्या उलट कडेला ठेवा, म्हणजे त्याच्यापुढे पाणी मोकळं राहतं. उंचावरून घेतल्यास क्षितिज चौकटीबाहेर ठेवता येतं आणि मागचा हात, पायांमागची फेसाची रेघ दिसते. पाण्याच्या पातळीवरून घेतलात तर लाटा मोठ्या आणि माणूस लहान दिसतो, फक्त पाचातल्या चार फोटोंत तो लाटेआड असेल.

प्रश्न : शटर १/१००० ठेवूनही फोटो मऊ (धूसर) येतात. लेन्स खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. फ्रीस्टाइलमध्ये पाण्यावरून पुढे येणारा हात सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने जातो. १/१००० सेकंदात तो तीन-चार मिलिमीटर हलतो, आणि मागच्या उत्तरातल्या २०० मीटर अंतर व ४०० मि.मी. लेन्स या जोडीत ते एक पिक्सेलच्या आसपास येतं. तिथे शटरचा दोष नाही. हेच होडीतून १० मीटरवर ७० मि.मी.ने काढलं तर चौकट सुमारे पाच मीटरची आणि तेवढीच हालचाल चार पिक्सेल. म्हणजे जवळून काढताना शटर जास्त लागतं, १/२०००, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

लांबचे फोटो मऊ येण्याचं पहिलं कारण हवा. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक असला की पाण्यालगतची हवा थरथरते. दुर्बिणीतून बघा. पलीकडच्या काठाची कड नाचताना दिसली तर जगातली कुठलीही लेन्स काही करू शकणार नाही. जवळ जा, उंच जा, किंवा हवा बदलेल अशी दुसरी वेळ निवडा.

दुसरं कारण फोकस. कॅमेरा जवळच्या, जास्त उठावदार लाटेला धरतो आणि पोहणारा मागे धूसर राहतो. चेहरा किंवा डोळे ओळखणारी सोय इथे फसते. गॉगल्स, टोपी आणि पाण्यात खुपसलेलं तोंड यांतून तिला काही सापडत नाही. ती बंद करा. सततचा फोकस, एक बिंदू किंवा त्याभोवतीचा लहान गट, आणि मध्ये काही आडवं आलं तर पटकन न उडणारी, म्हणजे मंद, संवेदनशीलता ठेवा. फोकसचं बटण शटरपासून वेगळं करून मागच्या अंगठ्याकडे दिलंत तर लाट आडवी आल्यावर अंगठा उचलता येतो. अॅपर्चर एफ/८च्या आसपास.

बर्स्टबद्दलही, म्हणजे बोट दाबून सलग फोटो काढण्याबद्दलही, थोडं. मिनिटाला ६० हात म्हणजे डावा-उजवा मिळून एक फेरा दोन सेकंदांचा. सेकंदाला १० फोटोंच्या वेगाने एका फेऱ्याला २० फोटो पडतात आणि कामाचे दोन-तीनच असतात : कोपर सगळ्यात वर असतानाचा, आणि श्वासासाठी चेहरा वळलेला असतानाचा. चेहरा अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी वेळ बाहेर असतो. म्हणून सतत बोट दाबून न ठेवता आधी दोन मिनिटं नुसतं बघा. तो कुठल्या बाजूला श्वास घेतो, किती हातांनी घेतो, हे कळलं की त्या बाजूला जा. हात मांडीपाशी पाण्याबाहेर निघाला की बोट दाबा.

प्रश्न : काळं डोकं किंवा जळालेली (तपशील उडालेली) पांढरी टोपी, मधलं काही मिळतच नाही. पोलरायझर लावू का?

उत्तर : कॅमेरा सबंध पाण्याची सरासरी काढतो. चकाकणाऱ्या पाण्यात ती सरासरी जास्त येते, तो फोटो काळा करतो आणि चेहरा बुडतो. तिथे एक स्टॉप (म्हणजे उजेड दुप्पट) वाढवा, किंवा आकृती काळीच हवी असेल तर एक स्टॉप कमी करून चकाकी सांभाळा. गडद पाण्यात उलटं घडतं आणि फिकी टोपी जळते, तेव्हा पाऊण-एक स्टॉप उतरवा. उजेड स्थिर असेल तर मॅन्युअलवर एकदा बसवून विसरून जाणं सगळ्यात सोपं.

पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा फिल्टर, पाण्यावरची चकाकी सर्वांत जास्त कापतो तो नजर पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करत असताना. होडीच्या कडेवरून खाली जवळ बघताना हा कोन मिळतो आणि पाण्याखालचे पाय दिसू लागतात. किनाऱ्यावरून २०० मीटरवर बघताना कोन एखाद्या अंशाचा असतो, तिथे त्याचा फायदा फारसा नाही आणि दीड-दोन स्टॉप उजेड मात्र जातो.

प्रश्न : सोबतीच्या होडीतून फोटो काढायचे आहेत. होडी कुठे ठेवावी आणि मी कुठे बसावं?

उत्तर : होडी कुठे राहील हे फोटोवाला ठरवत नाही, होडी चालवणारा ठरवतो. साधारणपणे ती पोहणाऱ्याच्या श्वास घेण्याच्या बाजूला, खांद्याच्या रेषेत किंवा जराशी पुढे असते, म्हणजे त्याला मान न उचलता ती दिसते. कयाक तीन-चार मीटरवर चालते, इंजिनची होडी त्याहून बरीच लांब. वाऱ्याचा विचार दोन्ही बाजूंनी होतो. होडी वाऱ्याकडच्या अंगाला असेल तर पोहणाऱ्याला आडोसा मिळतो, पण धूर त्याच्या तोंडावर जातो आणि इंजिन बंद पडलं तर होडी त्याच्यावर वाहत येते. उलट अंगाला असेल तर हे दोन्ही धोके टळतात. पोहणारा जवळ असताना होडी मागे घ्यायची नाही आणि त्याला वर घेताना इंजिन बंद. नुसतं न्यूट्रलवर भागवू नका, पंखा थांबलेला हवा.

तुम्ही मध्यावर, खाली बसा. ट्रायपॉड विसरा, तो इंजिनचा सगळा कंप कॅमेऱ्यात आणतो. कोपरं कठड्यावर टेकवण्याचा मोहही त्याच कारणासाठी टाळा. ७०-२०० मि.मी.ची एकच लेन्स लावून निघा, म्हणजे खारट तुषारांत लेन्स बदलायची वेळ येणार नाही.

सर्वांत चांगले फोटो खाणंपिणं देताना मिळतात. इंग्लिश खाडीसारख्या लांब पोहण्यात साधारण अर्ध्या-पाऊण तासाने बाटली दोरीने किंवा काठीने पोहोचवतात. पोहणाऱ्याने होडीला हात लावला तर प्रयत्न बाद होतो. तेव्हा चेहरा वर असतो, गॉगल्सवर होडीचं प्रतिबिंब असतं. पण लक्ष ठेवणाऱ्यालाही बोलून बघण्याची संधी तेवढीच असते, आणि ती जेमतेम मिनिटभराची. तेव्हा त्याला नावाने हाका मारून कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका.

रात्री टोपीवर किंवा गॉगल्सच्या पट्ट्याला आणि कमरेला हिरव्या प्रकाशकांड्या लावतात. फ्लॅश नको. तुषारांवर पडून पांढरे ठिपके येतात आणि पोहणाऱ्याचे अंधाराला सरावलेले डोळे काही मिनिटांसाठी निकामी होतात. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढवा, दाणे चालतील.

प्रश्न : ड्रोनने वरून चित्रण करताना काय जपावं?

उत्तर : स्थानिक नियम आणि पोहणाऱ्याची संमती हे गृहीत धरतो. त्यापलीकडे, ड्रोन अगदी डोक्यावर न ठेवता बाजूला ठेवा. पडला तर पाण्यात पडावा. पाण्यालगत खाली नेऊ नका. पोटाखालचे सेन्सर हलत्या पाण्याला जमीन समजून गोंधळतात. होडीवरून उडवला असेल तर एक मोठा खड्डा आहे : परत येण्याची जागा उड्डाणाच्या वेळी नोंदली जाते. अर्ध्या तासात होडी दीड किलोमीटर पुढे जाते आणि संपर्क तुटला तर ड्रोन इमानदारीने जुन्या जागी परतून पाण्यात उतरतो. ती नोंद दर काही मिनिटांनी नवी करा, आणि परतीला समोरून वारा असेल हे धरून बॅटरी निम्मी असतानाच वळा.

वरून दिसणारं चित्र लक्ष ठेवायला सोयीचं वाटतं, पण बॅटरी संपली की नजरही संपते. त्यावर विसंबून काठावरचा माणूस कमी करू नका.

प्रश्न : रोज सकाळी एक अनोळखी बाई एकट्याच लांबवर पोहताना दिसतात. फोटो फार सुंदर येतो. परवानगी घ्यायला हवी का?

उत्तर : हो, प्रसिद्ध करायचा असेल तर नक्कीच, आणि एकदा काढून झाल्यावर पुन्हा पुन्हा काढायचा असेल तरी. त्या बाहेर येऊन कपडे बदलून निवांत झाल्यावर बोला, पाण्याच्या कडेला ओलेत्याने उभ्या असताना नाही. फोटो दाखवा, नको म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पुसा. ठिपक्याएवढ्या आकृतीत चेहरा ओळखू येत नसला तरी जागा आणि वेळ ओळखू येते. एकटी बाई रोज अमुक वाजता अमुक ठिकाणी असते, ही माहिती आपण जगाला देत असतो. म्हणून फोटोतली ठिकाणाची नोंद काढून टाका, वेळ लिहू नका, आणि त्याच दिवशी टाकू नका.

प्रश्न : फोन “आयपी ६८” आहे. तो घेऊन समुद्रात पोहणाऱ्याजवळ जाता येईल?

उत्तर : “आयपी ६८” हा धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा, आणि त्याची चाचणी गोड्या पाण्यातली असते. मिठाचं पाणी, वाळू, एकदा पडून सैल झालेली कड यांची हमी त्यात नाही. बंद होणारी पिशवी वापरा आणि आत टिश्यू पेपर ठेवून आधी बादलीत बुडवून तपासा. ओल्या स्क्रीनला स्पर्श कळत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो काढा. डिजिटल झूम टाळा, नंतर कापलेलं बरं.

कॅमेऱ्यासाठी : घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायला सुरुवात करू नका. वाळलेले मिठाचे कण काचेवर घासले जातात. गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने दोनदा पुसा, मग कोरड्याने. लेन्सचे फिरणारे कडे आणि बॅटरीच्या झाकणाच्या खाचा विसरू नका. वातानुकूलित खोलीतून थेट दमट किनाऱ्यावर नेणार असाल तर कॅमेरा बंद पिशवीतच २०-३० मिनिटं राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरतं आणि पोहणारा पाण्यात उतरतानाचे सगळे फोटो धुक्यात जातात.